वहिनींचा बिल्ला

हजेरीसाहेबांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त बँकेलाच माहीत होतं. बाकी सगळ्या जगाचे ते हजेरीसाहेब. बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी, काचेच्या खोलीत बसून त्यांनी पस्तीस वर्षं लोकांची हजेरी मांडली. कोण आला, कोण गेला, कोण आल्यासारखं दाखवून मागच्या दाराने पसार झाला, सगळं त्यांच्या वहीत. आणि त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. पस्तीस वर्षांत न आलेल्या माणसाची हजेरी त्यांनी एकदाही लावली नाही. सख्ख्या मेहुण्याचीसुद्धा नाही! त्यावरून सासुरवाडीला दोन वर्षं अबोला होता, ते सोडा.

त्यांच्या बायकोला आपण वहिनीच म्हणू, कारण सगळे तसंच म्हणत. वहिनी घरी कपडे शिवायच्या, आणि मशीन चालतं तसं त्यांचं तोंडही चालायचं. "अहो, बटण वर-खाली लागलंय. अहो, तो ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, किती वर्षं सांगायचं? अहो, हळू जेवा, कोणी हिसकावून नेत नाहीये." चाळीस वर्षं झाली, एक दिवस खंड नाही. साहेब वरवर कपाळाला हात लावायचे. पण वहिनी चार दिवस बहिणीकडे गेल्या की हा माणूस घरात हरवल्यासारखा फिरायचा आणि टॉवेल नीट दोरीवर वाळत घालायचा. म्हणजे बघा.

निवृत्तीनंतर वहिनींनी एकच मागणं मागितलं. "पस्तीस वर्षं तुमच्या फाटकापायी गेली. आता मला समुद्र दाखवा." मग जुने दोस्त डॉक्टर आणि त्यांची बायको तयार झाले. डॉक्टर दातांचे, हसायला तोंड उघडलं की समोरच्याच्या दाढा मोजणारा माणूस. त्यांच्या पत्नी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. चौघांनी मिळून एका छोट्या जहाजाची सहल घेतली. तीसेक प्रवासी, पाच दिवस, रोज एक बेट.

जहाजावर चढल्या चढल्या साहेबांना जे दिसलं, त्याने त्यांचं अर्धं वय कमी झालं. शिडीच्या तोंडाशी एक लाकडी फळा होता. फळ्यावर रांगेने खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एका प्रवाशाचा पितळी बिल्ला. बिल्ल्याची एक बाजू पांढरी, दुसरी लाल. बेटावर उतरताना बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा.

"स्वतःचा बिल्ला स्वतः फिरवायचा," कप्तानाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम दिला होता. "नवऱ्याने बायकोचा नाही, बायकोने नवऱ्याचा नाही. सगळा फळा पांढरा दिसला की मी नांगर उचलतो. मग डोकी मोजत बसत नाही."

"याला म्हणतात व्यवस्था!" साहेब म्हणाले.

"झालं," वहिनी बाईंना म्हणाल्या. "इथेही फळा सापडला यांना. आता समुद्र कोण बघतंय!"

आणि झालंही तसंच. सकाळचा चहा झाला की साहेब फळ्यापाशी जाऊन उभे राहायचे. कोणाचा बिल्ला तिरका लटकला असेल तर सरळ करायचे. कप्तान जाता-येता त्यांच्याकडे बघून हसायचा. एक माणूस फुकट मिळाला म्हणून असेल.

तिसऱ्या दिवशीचं बेट अगदी लहान होतं. एक दगडी धक्का, धक्क्याजवळ रखवालदाराची खोली, तिथून वर चढत जाणारी पायवाट आणि टोकाला दीपगृह. झाडं अशी नाहीतच, नुसतं गवत. जहाज जरा लांब उभं राहिलं आणि मोटारहोडीने सात-आठ जणांना एका खेपेला धक्क्यावर नेऊन सोडायला लागले. रखवालदार म्हातारा, पण चालायला काटक. लोक दिसले की त्याला इतका आनंद व्हायचा की एकच गोष्ट तो दोनदा सांगायचा. वहिनींशी त्याचं लगेच जमलं.

दीपगृहाच्या पायथ्याशी एक दगडी बाक होता. चौघं तिथे तासभर बसले. खाली समुद्राचा एकसुरी आवाज, गवतातून जाणारा वारा, आणि उन्हाने तापलेल्या दगडाचा वास. डॉक्टर झोपले. बाईंनी चपला काढून पाय पसरले. साहेबांचा हात वहिनींच्या मनगटावर होता. त्यांची ती जुनी सवय, बोटं कधी धरायचे नाहीत, मनगट धरायचे.

"किती बरं वाटतंय," वहिनी म्हणाल्या. मग दुसऱ्याच क्षणाला, "अहो, चष्मा पुसा तो. त्यातून तुम्हाला मी तरी दिसते का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि बाकावर ठेवला. तेवढ्यात धुकं आलं.

धुकं समुद्रावरून आलं नाही, ही गोष्ट साहेबांना नंतर आठवली. समुद्र तर स्वच्छ दिसत होता. धुकं बेटाच्या मागच्या उतारावरून वर आलं, गवतातून, हळूहळू, आणि त्याबरोबर वारा थांबला. उन्हाचा वास गेला आणि कित्येक दिवस बंद असलेल्या खोलीत येतो तसला गार, ओलसर वास आला. जहाजाने भोंगा दिला. सगळे उठले.

साहेबांचा गुडघा उतारावर कुरकुरायला लागला. धक्क्यापर्यंत आले तेव्हा कुठे लक्षात आलं की चष्मा बाकावरच राहिला.

"डोकं तरी आणलंत ना बरोबर?" वहिनी म्हणाल्या. "थांबा, मी घेऊन येते. नाही, तुम्ही नाही यायचं, त्या गुडघ्याने परत चढलात तर उद्या मलाच शेकत बसावं लागेल. ही होडी भरतेय, तुम्ही व्हा पुढे. शेवटच्या होडीने मी आलेच."

आणि निळ्या स्वेटरातली ती पाठ भराभर पायवाट चढत धुक्यात गेली.

जहाजावर आल्यावर साहेबांनी आपला बिल्ला पांढरा केला. डॉक्टरांनी आपला, बाईंनी आपला. ती दोघं केबिनमध्ये कपडे बदलायला गेली. साहेब फळ्यापाशीच थांबले. थोड्या वेळाने शेवटची होडी धुक्यातून आली. साहेबांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. चष्मा नव्हता, त्यामुळे माणसं म्हणजे नुसते रंगांचे ठिपके. पण त्यात एक निळा ठिपका होता. साहेबांचा जीव भांड्यात पडला. माणसं वर यायला लागली, शिडीपाशी गर्दी झाली, कोणी चहा मागत होतं, कोणी टॉवेल. प्रत्येकाने आपापला बिल्ला फिरवला. गर्दी पांगली.

फळा पांढराशुभ्र झाला होता. एक सोडून. वहिनींचा बिल्ला लालच होता.

"बघा, विसरली!" साहेब स्वतःशी म्हणाले. "मला नावं ठेवते, आणि स्वतः…" आता ही गोष्ट ऐकायला साधी आहे. दुसरा कोणी असता तर शिट्टी वाजवत निघून गेला असता. कप्तानाने विचारलं असतं, शोधाशोध झाली असती. पण साहेबांना अपुरी हजेरी बघवायची नाही, अंगावर काटा यायचा. त्यात निळा ठिपका त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी हात पुढे केला आणि बायकोचा बिल्ला फिरवला. पस्तीस वर्षांत जे केलं नाही, ते एका बोटाने झालं.

नांगर उचलल्याचा खडखडाट झाला. जहाज निघालं.

केबिनचं दार लोटून साहेब आत गेले. वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीवर, खिडकीकडे तोंड करून.

"मिळाला चष्मा?"

"नाही सापडला," त्या म्हणाल्या आणि वळून हसल्या. इतकं गोड हसल्या की साहेब लाजले. लग्नाच्या पहिल्या वर्षात कधी असं हसल्या असतील.

"बाकावरच होता गं. बिल्ला फिरवायला विसरलीस ना? मी फिरवला."

"बरं केलंत."

साहेब कपडे बदलायला आतल्या मोरीत गेले आणि तोंड धुता धुता थबकले. बरं केलंत? त्यांना वाटलं, थकली असेल. बाहेर येऊन त्यांनी टॉवेल नेहमीसारखा पलंगावर टाकला. मग वाट पाहिली. वहिनींनी टॉवेलकडे पाहिलं. चादरीवर ओला डाग पसरत चालला होता. त्या डागाकडे त्या कौतुकाने बघत होत्या, आणि काही म्हणाल्या नाहीत.

"अगं, बरं नाही का तुला?"

"छान आहे की. तुम्ही बसा ना माझ्याजवळ."

साहेब बसले. खोटं कशाला सांगा, त्यांना सुखच वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी काही चूक काढत नव्हतं. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. मनगट तेच, बांगडीचा वळ तोच, सुईने झालेला बोटावरचा जुना व्रण तोच. फक्त स्वेटरला तो वास होता, मघाचा, बंद खोलीचा.

संध्याकाळी चौघं जेवणघरात चहाला बसले. बाहेर अजून उजेड होता, पण धुकं जहाजाबरोबर चालत आलं होतं आणि काचांना टेकून उभं होतं. डॉक्टरांनी त्यांचा जुना विनोद केला. वहिनी दरवेळी त्यावर "पुरे हो डॉक्टर, दात पडतील माझे" म्हणायच्या. या वेळी त्या नुसत्या हसल्या. सगळ्यांच्या शेवटी हसल्या, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावरही हसत राहिल्या.

बाईंनी साहेबांना टेबलाखालून पायाने खुणावलं. "भावजी, भांडलात का दोघं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "वहिनी चहासुद्धा पीत नाहीयेत. नुसता कप धरून बसल्यात."

खरंच, कप तसाच भरलेला होता. चहावर साय धरली होती. साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. ते त्यांनी मुद्दाम बोटाने हलवलं. शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून असलं बटण सुटणं शक्य नाही. वहिनींची नजर त्यावर आली, थांबली, आणि पुढे गेली.



तेवढ्यात कप्तान आला. चेहरा विचित्र. तो थेट त्यांच्या टेबलाशी आला, चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि वहिनींवर येऊन अडखळला.

"माफ करा… तुमच्यापैकी कोणी बेटावर राहिलंय का?"

"कोण राहणार?" डॉक्टर म्हणाले. "चौघं इथे बसलोय की तुमच्यासमोर."

"तेच तर. दीपगृहाचा रखवालदार वायरलेसवर ओरडतोय. म्हणतो, एक बाई राहिल्यात. निळा स्वेटर, हातात पुरुषाचा चष्मा. मी त्याला सांगितलं, फळा पूर्ण पांढरा होता. तर म्हणे, बाई म्हणतायत…" कप्तानाने साहेबांकडे पाहिलं. "बाई म्हणतायत, माझ्या नवऱ्यानेच फिरवला असणार तो बिल्ला. तुम्ही त्यांना ओळखत नाही."

बाईंचा चमचा बशीत पडला. वहिनी मात्र तशाच बसून होत्या, कप हातात धरून, साहेबांकडे मायेने बघत.

"मला ऐकू द्या," साहेब म्हणाले.

सुकाणूच्या खोलीत वायरलेसमधून आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून, लांबून, तुटत तुटत, पण शंभर आवाजांत ओळखू येईल असा तो आवाज आला. "अहो! ऐकताय का? अहो, अक्कल गहाण ठेवलीत का तुम्ही? मी धक्क्यावर येते तर होडी निघून गेलेली! चष्मा आणायला मी जायचं आणि मलाच सोडून जायचं? आणि गुडघ्याला ते मलम लावलंत का? नसेलच लावलं…"

साहेब तिथेच रडायला लागले. भीतीने नव्हे, भीती नंतर आली. आधी आला तो नुसता आनंद, की रागावणारं माणूस कुठेतरी आहे.

"जहाज फिरवा," ते म्हणाले.

"साहेब, तुमच्या बाई खाली बसल्यात," कप्तान हळूच म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. या धुक्यात एका आवाजासाठी मी जहाज फिरवू? त्या बेटाला पुढचं जहाज महिन्याने लागतं, पण म्हणून…"

महिन्याने.

"बिल्ला मी फिरवला," ते म्हणाले. "तिने नाही. न आलेल्या माणसाची हजेरी मी लावली. तुमचा फळा खोटा आहे, आणि तो मी खोटा केलाय. मला तुरुंगात टाका हवं तर, पण जहाज फिरवा."

कप्तानाने सुकाणूला हात घातला. फळा खोटा निघाला की कप्तानाला दुसरा रस्ता नसतो.

तासाभराने बेट पुन्हा दिसलं; म्हणजे दिसलं नाही, दीपगृहाचा प्रकाश धुक्यातून मधूनमधून पिवळा होत होता. होडी सोडली. एक मिशाळ खलाशी चालवायला बसला. शिडीच्या तोंडाशी साहेब वळले तर ती उभी होती. डॉक्टर आणि बाई लांब, भिंतीला पाठ लावून. बाईंनी डॉक्टरांचा दंड घट्ट धरला होता.

"मलाही न्या ना," ती म्हणाली. आवाजात जराही राग नव्हता, रडं नव्हतं. लहान मूल जत्रेला न्या म्हणतं तसं. "ते तिकडे एकटे आहेत."

"कोण?"

"ते…"

साहेबांना तिच्याकडे बघवेना. चेहरा त्याच बाईचा, जिच्यासाठी ते निघाले होते. त्या चेहऱ्याला 'नाही' म्हणायला त्यांना सगळा जीव एकवटावा लागला.

"नाही," ते म्हणाले. "तू… तुम्ही इथेच थांबा."

आणि ते शिडीवरून खाली उतरले. एकदाही वर पाहिलं नाही.

होडी निघाली. पाणी सपाट, काळपट, आवाज न करणारं. थोडं अंतर गेल्यावर खलाशी इंजिनकडे बघून पुटपुटला, "जड चाललीये होडी." मग मागच्या रिकाम्या फळीकडे एकदा पाहून त्याने तोंड फिरवलं आणि परत बोलला नाही. साहेबांच्या नाकाशी तो वास होता. त्यांनी नजर समोर ठेवली, धक्क्याच्या दिशेला, आणि मनातल्या मनात एकच म्हणत राहिले, ती असू दे, ती असू दे.

ती होती. धक्क्यावर, एका उलट्या पेटीवर, चष्मा छातीशी धरून बसलेली. होडी लागायच्या आतच सुरुवात झाली.

"आलात? आठवण झाली का बायकोची? काय हो, मी काय बाटली होते का मोजून ठेवायला? आणि स्वेटर कुठाय तुमचा? या गारठ्यात नुसत्या शर्टावर आलात, आणि हे बटण! हे बटण लोंबतंय ते दिसत नाही का कोणाला?"

साहेबांनी तिला तसंच जवळ घेतलं, खलाशासमोर, म्हाताऱ्यासमोर. चाळीस वर्षांत चारचौघांत असं कधी केलं नव्हतं. वहिनी बोलायच्या थांबल्या. दोन्ही हातांनी त्यांनी साहेबांचा चेहरा चाचपला, कान, कपाळ, दाढीचे खुंट.

"तुम्हीच आहात," त्या पुटपुटल्या.

"म्हणजे? दुसरं कोण असणार?"

"चला आधी."

रखवालदार खोलीच्या दारातून हाक मारत होता. "साहेब, तुमचा चहा तसाच राहिलाय की आत! मघापासून नुसता कप धरून बसला होतात बाईंशेजारी. एक घोट तरी घ्यायचा होतात."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली: आत्ता नाही.

दोघं होडीत बसली. खलाशाने दोर सोडला. तेव्हा खोलीच्या अंधाऱ्या बाजूने कोणीतरी धक्क्याच्या कडेला आलं. पुरुष. किंचित गुडघ्यात लंगडत. चष्मा वहिनींनी साहेबांच्या डोळ्यांवर चढवला होता, त्यामुळे आता सगळं दिसत होतं, आणि न दिसतं तर बरं झालं असतं. तो माणूस वाकला आणि होडीच्या मागच्या टोकाकडे त्याने हात पुढे केला, शिडी नसलेल्या ठिकाणी बाईमाणसाला उतरायला हात देतात तसा.

होडी त्या बाजूला कलली. मग एकदम वर आली, हलकी झाली.

खलाशाने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. धुकं धक्क्यावर उतरलं. त्यात दोन सावल्या जवळजवळ उभ्या होत्या, आणि एकीने दुसरीचं मनगट धरलं होतं.

"बघू नका मागे," वहिनी म्हणाल्या. "भेटू द्या त्यांना."

साहेबांनी मागे न बघताच विचारलं. "किती वेळ होता… तो?"

"कोण जाणे, मला तो नंतर दिसला. मी वायरलेसवर तुमच्या नावाने शंख करत होते ना, तेव्हा तो दारात उभा होता. मी म्हटलं, अगंबाई, हे तर माझ्यासाठी मागेच राहिलेत! जीव इतका भरून आला माझा… मग तोंड सोडलं त्याच्यावर. मी बोलतेय, तो ऐकतोय. मी बोलतेय, तो ऐकतोय. मधे एकदासुद्धा 'अगं पण' म्हणाला नाही. तेव्हाच कळलं मला, हा आपला नव्हे."

साहेबांना हसू आलं, आणि हसता हसता दातांवर दात वाजले. "घाबरली नाहीस?"

"घाबरले नाही कशी? पण माया वाटली हो. तुमच्यासारखंच मनगट धरतो. जहाजावरून सांगत होते ना, तुमच्या बाई इथेच बसल्यात म्हणून, तर मी त्याला म्हटलं, बाबा, तुझी ती माझ्या माणसाजवळ असेल, माझा माणूस तिला घेऊन येईल. त्याने विश्वास ठेवला. असा बघत होता समुद्राकडे…" वहिनी थांबल्या. "मग बोलला. एकदाच."

"काय बोलला?"

जहाजाचे दिवे धुक्यात दिसायला लागले होते. वहिनींनी साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"म्हणाला, तुम्ही दोघं इकडे पुन्हा याल. पण बरोबर नाही. आधी एकच येईल… आणि दुसरं येईपर्यंत मी आणि ती त्याला सोबत करू."



"कोण?" साहेबांनी विचारलं. "आधी कोण, ते नाही बोलला?"

"बोलला."

"कोण, अगं?"

होडीच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि साहेबांचे नवे कोरे बूट घोट्यापर्यंत त्या पाण्यात होते. वहिनींची नजर तिथे गेली. साहेबांनीही पाहिलं आणि ते थांबले. आता सुरू होईल, आता पट्टा सुटेल, म्हणून आतुरतेने थांबले. वहिनी खाली वाकल्या. त्यांनी एकेक करून बूट काढले, ओले मोजे काढले, पाणी पिळून बाजूला ठेवलं. मग त्यांचे दोन्ही गार पाय मांडीवर घेतले आणि आपला निळा स्वेटर काढून त्यांभोवती गुंडाळला.

"ओरड की माझ्यावर," साहेब म्हणाले. "अगं, बोल की काहीतरी."

वहिनी काही बोलल्या नाहीत. जहाज येईपर्यंत त्या खाली मान घालून त्यांचे पाय चोळत राहिल्या.